दुसऱ्याच्या घरची फिल्म

शाळेत 'प्रोफाइल' हा शब्द आता खडू-डस्टरइतका साधा झाला आहे. विद्यार्थ्याची प्रोफाइल, शिक्षकाची प्रोफाइल, शाळेची प्रोफाइल. जून उजाडला की नुसते रकाने भरायचे. पण आमच्या वस्तीत हा शब्द निघाला की लोकांना आधी शाळा आठवत नाही, पोलीस चौकी आठवते. म्हणून 'मॅनहंटर' हा चित्रपट प्रोफाइलिंगवर आहे असे कळले तेव्हा आम्ही तो निव्वळ करमणूक म्हणून लावला नाही. हे काम नक्की असते तरी काय, ते पाहायचे होते.

आम्ही म्हणजे तिघी. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दोघी तिशीतल्या, बी.एड. करून लागलेल्या, तिसऱ्या आपा, निवृत्तीला चार वर्षे राहिलेल्या. आपांच्या घरचा डीव्हीडी प्लेअर अजून चालतो आणि त्यांच्या भाच्याने मुंबईहून आणलेल्या जुन्या डिस्कचा एक डबा कपाटावर पडून आहे. इंग्रजी संवाद पडद्यावर खाली लिहून येतात, नाही कळले तर रिमोट दाबून मागे जाता येते. शिवाय भीती वाटली तर दिवा लावता येतो. थिएटरात या सोयी कुठल्या?

चित्रपट १९८६ चा, मायकेल मान यांनी दिग्दर्शित केलेला. थॉमस हॅरिस यांच्या १९८१ मधल्या 'रेड ड्रॅगन' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. अमेरिकेत थिएटरांत तो चालला नाही. पुढे १९९१ मध्ये याच लेखकाच्या कादंबरीवरचा 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' आला, त्याने पाच ऑस्कर मिळवली, आणि ज्या हॅनिबलला पाहून दुनिया घाबरली तो आधीच एका चित्रपटात येऊन गेला होता हे लोकांच्या लक्षात आले. 'मॅनहंटर'ला खरे प्रेक्षक मिळाले ते असे घरोघरी, कॅसेटवर आणि नंतर डीव्हीडीवर. इथला हॅनिबल ब्रायन कॉक्स यांनी केला आहे. पांढऱ्याशुभ्र कोठडीत थोडाच वेळ दिसतो. आम्हाला तो अँथनी हॉपकिन्स यांच्या हॅनिबलपेक्षा अधिक पटला. तो घाबरवायचा प्रयत्नच करत नाही. हुशार पण कंटाळलेल्या प्राध्यापकासारखा बोलतो.

गोष्ट थोडक्यात अशी. अटलांटा आणि बर्मिंगहॅम या दोन शहरांत पौर्णिमेच्या रात्री दोन कुटुंबे झोपेत मारली गेली आहेत. मारणारा एकच. विल ग्रॅहम हा एफबीआयचा जुना तपास अधिकारी हॅनिबलला पकडताना जखमी झाला, मनानेही खचला, आणि नोकरी सोडून फ्लोरिडात समुद्राकाठी बायको-मुलाबरोबर राहतो आहे. त्याचा जुना साहेब त्या कुटुंबांचे फोटो घेऊन त्याच्याकडे येतो. पुढच्या पौर्णिमेच्या आत खुनी सापडायला हवा.

दिसायला चित्रपट फार देखणा आहे, जरा जास्तच. डान्टे स्पिनोटी यांचे छायाचित्रण. नवरा-बायकोची खोली निळीशार, खुन्याच्या भोवती हिरव्या-जांभळ्या छटा, हॅनिबलचा दवाखाना चुन्यासारखा पांढरा. तो दवाखाना म्हणजे अटलांटातले हाय म्युझियम हे कलासंग्रहालय. "खून झालाय का टाइल्सची जाहिरात चाललीय?" असे आमच्यातली एक म्हणालीच. पण तासाभराने तीच गप्प झाली होती. इतक्या स्वच्छ, इतक्या सुंदर घरांत काय होऊन गेले आहे हे आपल्याला ठाऊक असते आणि कॅमेरा मात्र भिंतींचे रंग दाखवत फिरतो. अंगावर काटा येतो तो त्यामुळे.

ग्रॅहम मारल्या गेलेल्या कुटुंबाच्या रिकाम्या घरात रात्री एकटा जातो. हातात छोटा टेपरेकॉर्डर. खुनी कुठून आला, कुठे थांबला, काय पाहिले, हे मोठ्याने बोलत खोल्यांतून फिरतो. पुढे त्याला सुचते की खुन्याने हातमोजे काढले असणार, कारण त्याला त्या बाईला स्पर्श करायचा होता. त्यातून बोटांचा ठसा मिळतो. ही पद्धत लेखकाच्या मनची नव्हे. व्हर्जिनिया राज्यातल्या क्वांटिको इथे एफबीआयने १९७२ मध्ये वर्तनविज्ञानाचा विभाग सुरू केला. तिथल्या रॉबर्ट रेसलर आणि जॉन डग्लस यांनी तुरुंगांत जाऊन खुन्यांशी तासन्‌तास बोलून माहिती जमवली; अशा ३६ कैद्यांच्या मुलाखतींवर त्यांचा अभ्यास उभा राहिला. हॅरिस यांनी कादंबरीसाठी या विभागाची माहिती तिथे जाऊन घेतली होती.

यात आम्हाला महत्त्वाचे वाटले ते कामाचे तोंड कुठल्या बाजूला आहे ते. आधी जागा, जखम, कापलेले कुलूप, ठसा. आणि त्यातून हळूहळू माणूस. माणसाचे नाव, गाव, जात शेवटी कळते.

सगळ्यात जास्त वेळा रिमोट दाबला तो एका प्रसंगाला. दोन्ही कुटुंबांनी हौसेने घरच्या फिल्म काढलेल्या होत्या. मुले, कुत्रा, स्वयंपाकघर, मागचे अंगण. त्या व्हिडिओवर उतरवून घेऊन ग्रॅहम रात्र रात्र पाहतो. थांबवतो, मागे नेतो, पुन्हा पाहतो. दोन कुटुंबांत काहीच समान सापडत नाही. आणि मग त्याच्या ध्यानात येते की खुनी ज्या तयारीने आला होता ती त्या घराच्या जुन्या रूपाला जुळणारी होती, फिल्ममध्ये दिसते तशा घराला. म्हणजे आपण जे आत्ता पाहतो आहोत तेच त्याने पाहिले आहे. या फिल्म धुवायला कुठे दिल्या होत्या? दोन्हींची प्रयोगशाळा एकच, सेंट लुइसमधली. खुनी तिथे कामाला आहे. कुठल्या बाईच्या चेहऱ्यावर किती उजेड आहे, मुले कुठे झोपतात, दाराला कसली कडी आहे, सगळे त्याच्या टेबलावर येऊन पडते, आणि येते ते त्या कुटुंबानेच पाठवलेले.

इथे आपांनी डिस्क थांबवली आणि चहा टाकायला उठल्या. आम्हाला कळले त्यांना काय आठवले ते. आमच्याकडे लग्नाची शूटिंग हा वर्षानुवर्षे भांडणाचा विषय होता. बायकांच्या बाजूला कॅमेरा येऊ द्यायचा की नाही, आला तर कुणाचा पोरगा तो, यावर जेवणावळी थांबलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. आणि मग हळद, मेहंदी, रुखसतीला रडणाऱ्या बहिणी, सगळे त्या कॅसेटमध्ये घालून ती मिक्सिंगला जायची. सहा-सहा महिने दुकानात पडून. नवरीची अम्मी आठवड्याला निरोप धाडायची, "कॅसेट झाली का?" ती उशिराची काळजी आहे असे आम्हाला लहानपणी वाटायचे. आपा म्हणाल्या, "काळजी उशिराची नव्हती गं. आपली पोर परक्याच्या दुकानात राहिलीय, ही होती." अर्थात मिक्सिंगवाले बिचारे भले लोक, नवऱ्याच्या वरातीवर गाणे टाकण्यापलीकडे त्यांनी कुणाचे काही बिघडवले नाही. पण ही चित्रपटातली भीती परदेशी नाही, एवढे खरे. आता तर फिल्म धुवायला कुणाकडे द्यावीही लागत नाही. आपणच स्टेटसला टाकतो.

चित्रपटात आणखी एक प्रोफाइल आहे, खोटी. खुन्याला डिवचून बाहेर काढावे म्हणून ग्रॅहम एका सवंग पत्राच्या बातमीदाराला हाताशी धरतो आणि खुन्याबद्दल मुद्दाम घाणेरडे तर्क छापून आणतो. खुनी बाहेर येतो खरा, पण ग्रॅहमकडे नाही. तो त्या बातमीदाराला उचलतो आणि जाळतो. चित्रपट या प्रसंगावर फार रेंगाळत नाही. आम्ही रेंगाळलो.

कारण छापलेल्या प्रोफाइलने काय होते याचा दाखला त्याच अटलांटात, चित्रपटानंतर १० वर्षांनी घडला. २७ जुलै १९९६ च्या रात्री ऑलिम्पिकच्या बागेत स्फोट झाला. रिचर्ड ज्युएल या सुरक्षारक्षकाने बेवारस पिशवी वेळेत पाहिली, लोकांना मागे हटवले. तीन दिवसांत वर्तमानपत्राने छापले की एफबीआयचा संशय त्याच्यावरच आहे; एकटा, वर्दीची हौस असलेला, शूर ठरू पाहणारा माणूस, म्हणजे अशा स्फोट करणाऱ्याच्या वर्णनात बरोबर बसतो. पुरावा नव्हता, वर्णन होते. ऑक्टोबरमध्ये सरकारी वकिलाने तो संशयित नसल्याचे पत्र दिले. खरा गुन्हेगार एरिक रुडॉल्फ २००३ मध्ये सापडला. ज्युएल २००७ मध्ये वारला.

आणि मालेगाव. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली. मेलेले नमाजी मुसलमान, पकडलेले नऊ जणही मुसलमान. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांतला एकजण हयात नव्हता. याला कुणी प्रोफाइलिंग म्हटले नाही, क्वांटिकोचे नावही निघाले नाही. पण कामाचे तोंड उलट्या बाजूला होते, आधी माणूस आणि मग त्याच्याकडे नेणारा रस्ता. निकालातली एक गोष्ट आम्हाला अजून सोडत नाही. इतर कारणांबरोबर न्यायालयाने असेही म्हटले होते की मुसलमान असलेले हे आरोपी इतक्या पवित्र दिवशी आपल्याच लोकांना मारायचे ठरवतील हे संभवत नाही. वाचून बरे वाटले, शुक्र केला. मग वाटले, अडकले तेव्हा जमात पाहिली गेली आणि सुटतानाही जमातच आडवी आली. ज्याला त्याला त्याच्या हाताच्या ठशावरून सोडायला हवे होते.

आमच्यातल्या विज्ञान शिकवणारीचे म्हणणे निराळे पडले. ती म्हणाली, "अंदाज करू नये असे म्हणता येणार नाही. मी वर्गात शिरले की दहा मिनिटांत सांगते कोण घरून उपाशी आलंय." खरे आहे. बी.एड.ला आम्ही एकेका मुलाचा व्यक्ती-अभ्यास लिहिला आहे. २०१० पासून मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी आल्या, तेव्हापासून तर शिक्षक लिहीतच असतो. 'एकलकोंडा आहे.' 'चटकन चिडतो.' वहीत शेरा एका ओळीचा, पण पुढच्या वर्षीची बाई मुलाला पाहायच्या आधी तो वाचते. आता आमचे आपसांत एक ठरले आहे. शेऱ्याआधी काय घडले ते तारखेसह लिहायचे. 'चिडतो' नाही, 'अमुक दिवशी डबा सांडला म्हणून बाकावर मूठ आपटली.' वेळ जास्त लागतो, रकाना पुरत नाही, आणि वरून विचारणा होते ती वेगळीच.

ग्रॅहम एका ठिकाणी साहेबाला सांगतो की या खुन्याच्या लहानपणासाठी त्याचे काळीज तुटते, कारण त्या पोराला कुणीतरी असे घडवले आहे. पण मोठा झालेला हा माणूस आता सुधारण्यापलीकडचा आहे. यावर आम्ही तासभर वाद घातला. आपांना दुसरे वाक्य मान्य नाही. "तौबाचं दार आपण कोण बंद करणार?" त्या म्हणाल्या. आम्हा दोघींना त्या दोन घरांतली मुले दिसत होती.

खुन्याच्याच प्रयोगशाळेत अंधाऱ्या खोलीत काम करणारी एक आंधळी मुलगी आहे, रीबा. जोन अ‍ॅलन यांनी ती फार सुंदर केली आहे. तो तिला गुंगी दिलेल्या वाघाजवळ नेतो. ती त्याच्या अंगावरून हात फिरवते, दातांना हात लावते, छातीवर कान ठेवते. साऱ्या चित्रपटात कुणाला नुसते हाताने ओळखून घेणारी ती एकटीच. पुढे तो तिच्याशेजारी सोफ्यावर बसून पुढच्या कुटुंबाची फिल्म पाहतो. पडद्यावर कुणाचे घर आहे ते तिला कळत नाही.

शेवट सांगितला तर चालेल, चित्रपट जुना आहे. खुनी मारला जातो. ग्रॅहम घरी जातो, समुद्रकिनारा, बायको, मुलगा. पण आमच्या डिस्कमध्ये दिग्दर्शकाने नंतर जोडलेले एक दृश्य होते. त्याची प्रत बाकीच्या चित्रपटापेक्षा धूसर आहे, चित्र बदलले की लगेच कळते. चेहऱ्यावर जखमा घेऊन ग्रॅहम एका घराच्या दारात उभा राहतो. यांचीच फिल्म खुनी पाहत होता, पुढच्या पौर्णिमेला याच घराची पाळी होती. दार उघडते. हा कोण, कशाला आला, त्यांना काही उमगत नाही. तो म्हणतो की मला फक्त तुम्हाला पाहायचे होते. आपांनी ते दृश्य दोनदा लावले, मग प्लेअर बंद केला, आणि भाच्याला फोन करून विचारले की अशी अजून एखादी डिस्क मिळेल का.