टांकसाळीची चूक, हाताची करामत

३ जून
शेजारच्या मुलाने दहा रुपयांचं नाणं आणलं. पिवळ्या कड्यावर 'भारत' जागच्या जागी, आत अशोकस्तंभाचे सिंह मात्र आडवे. "काका, मोबाइलवर याला लाख रुपये सांगतात." कडं आणि मधली चकती कोरीच एकात एक बसवतात, ती घट्ट जोडली जातात नि त्यांवर चित्र उमटतं ते ठशाच्या एकाच दाबाने. मग छापलेले सिंह नुसते फिरतील कसे? चकती नंतर कुणीतरी ठोकून काढली, वाकडी बसवली. "वाण्याकडे चालव," म्हटलं, "घेतलं तर!"

९ जून
पोलादी रुपयावर काठापासून आकड्यापर्यंत रेघ. भिंगाखाली ती उठावाची निघाली. ठशाला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर रेघ वर येते. खोल असती तर साधा ओरखडा. सालाखाली हिरा, म्हणजे मुंबईचं. याच ठशाची पुढची नाणी मिळाली तर तडा वाढत गेलेला दिसेल. शोधायला हवीत.

१७ जून
कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा नसलेलं नाणं. धातूची पट्टी पुरेशी सरकली नाही, तर पुढची चकती आधीच्या भोकावर चढून कापली जाते. आधी समोरचा काठ पाहिला : पुसट. चकतीची कड दाबून उचलताना कापल्या बाजूने आधार नसतो, म्हणून समोरची कड नीट उठत नाही. कानस चालवणाऱ्याला हे साधत नाही. त्याच्या नाण्याचा समोरचा काठ ठसठशीत राहतो. हे अस्सल.

२२ जून, रविवार
जुन्या बाजारात शिवराई. 'छत्रपति'तलं निम्मं अक्षर काठाबाहेर, म्हणून विक्रेता 'एरर' म्हणत दुप्पट मागत होता. शिवराई हातोड्याने पाडलेली. ठसा बहुधा तांब्याच्या तुकड्याहून मोठा, मग अक्षरं कापली जाणारच. अक्षरांची वळणंही ठशागणिक वेगळी. अख्खी अक्षरं असलेलीच दुर्मिळ, जास्त पैसे तिला द्यावेत.
घरी १९११चा रुपया काढला. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली नि १९१२ला ठसा बदलला. पण यंत्राने हुकमाप्रमाणेच काम केलं होतं. बिघडलं ते चित्र. एररच्या अल्बममधून काढून तो पंचम जॉर्जच्या पानावर लावला.