एका मुलीची सहल

शिवथरघळ पाहायला लोक येतात ते पावसाळ्यात. धबधबा तेव्हा कोसळत असतो. आम्ही गेलो दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर, मार्चच्या उन्हात. कारण ही माझ्या भाचीची शाळेची सहल होती, आणि ती शाळेने काढली नव्हती.

"खाला, एका मुलीसाठी गाडी कोण काढणार?" ती हसत म्हणाली होती. तिच्या दहावीच्या वर्गात ती एकटीच होती. आठवीत पाचजणी होत्या. दोघींचे अब्बा आखातातून परत आले आणि त्यांनी मुंब्र्यात घर घेतलं. एक मामाकडे पनवेलला गेली. चौथीचं लग्न ठरलं. उरली ही.

महाडहून एसटीने निघालो. बिरवाडीच्या कारखान्यांची वस्ती मागे पडली की रस्ता वरंध घाटाच्या दिशेने डोंगरात शिरतो. बारसगावजवळून आत वळलं की कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी एकाच आडनावाची भावंडं वाटावीत तशी गावं आहेत. शेतं कापून मोकळी झालेली, पळस मात्र लालभडक. पावसाळ्यात हाच मुलूख किती अवघड होतो हे महाडकरांना सांगायला नको. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सावित्रीवरचा पूल एसटी बसगाड्यांसह वाहून गेला. २०२१ च्या जुलैमध्ये याच तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. अशा वाटांवर मुलीला रोज दूरच्या शाळेत धाडायचं म्हणजे आईचा जीव टांगणीला. म्हणून जवळच्या लहान शाळेची किंमत इथे वेगळी असते.

एसटीत तिने वर्षभराच्या गोष्टी सांगितल्या. हजेरीला एकच नाव. गृहपाठ केला नाही तर लपायला कोणाची पाठ नाही. सगळे प्रश्न तिलाच. ती तापाने पडली की दहावीच्या वर्गाला कुलूप. "सर फळ्यावर मुद्दाम चुकायचे," ती म्हणाली, "मी पकडते का बघायला. नाहीतर मी नुसती मान हलवत बसले असते."

सराव परीक्षेची गोष्ट तर मला माहीतच नव्हती. रिकाम्या वर्गात एकाच पेनाचा आवाज. पहिल्या पेपरला तिला काही सुचेना. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षणाला एक बाई बसल्या आणि सर मागच्या बाकावर तीच प्रश्नपत्रिका घेऊन लिहायला बसले. "खाला, मागे कोणीतरी लिहितंय एवढंच पुरलं. माझा हात चालू लागला."

बोर्डाच्या केंद्रावर नेमकं उलटं झालं. खोली भरलेली, आजूबाजूला अनोळखी मुली, पुरवण्यांसाठी वर होणारे हात. तिला पहिली दहा मिनिटं गर्दीचीच भीती वाटली.

खरी भीती मात्र वेगळीच होती, आणि ती तिने परीक्षा होईपर्यंत कोणाला सांगितली नव्हती. "मी पास झाले तर शाळेचा निकाल शंभर टक्के. नापास झाले तर शून्य. मधलं काहीच नाही." नववीत यंदा चौघं आहेत. शाळेचा निकाल शून्य लागला तर त्या चौघांचे आई-बाप पोरं तिथे ठेवतील का? सोळा वर्षांच्या मुलीने गणिताचा पेपर एवढं ओझं घेऊन सोडवला होता.

अशी ती एकटी नाही. सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे तालुक्यात चांदर गावी एका मुलासाठी डोंगर चढून जाणाऱ्या गुरुजींची बातमी २०१८ साली आली होती. २०२३ साली वाशीम जिल्ह्यातल्या गणेशपूरच्या जिल्हा परिषद शाळेची बातमी देशभर गेली. दीडशे वस्तीचं गाव, तिसरीतला एकच विद्यार्थी, आणि बारा किलोमीटरवरून येऊन सगळे विषय शिकवणारे एकच शिक्षक. त्याच वर्षी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोजल्या गेल्या, तेव्हा राज्यात त्या साडेचौदा हजारांहून जास्त निघाल्या. त्या एकत्र करून समूह शाळा काढाव्यात असा विचार पुढे आला. एकट्या मुलाला सोबती मिळावेत हे खरंच. पण शाळा लांब गेली की आधी घरी बसते ती मुलगी, हेही तितकंच खरं. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. नववी-दहावीला हा आधार नाही. नेमक्या त्याच वयात घरात कुजबुज सुरू होते, 'आता पुरे झालं शिकणं.'

पायऱ्या चढून घळीत पोचलो. बाहेर रणरणतं ऊन आणि आत माठासारखा गारवा. धबधब्याच्या जागी काळ्या कातळावर ओल तेवढी. १९३० साली धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी ही घळ शोधून काढली. समर्थ रामदासांनी इथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असं मानतात. सांगणारे गुरू आणि लिहिणारा शिष्य अशा दोन मूर्ती तिथे आहेत. भाची बराच वेळ बघत राहिली.

"खाला, यांच्याही वर्गात एकच."

"हो. पण त्यांना बोर्ड नव्हतं."

ती मोठ्याने हसली. मग बाहेर येऊन डबा उघडला. घावणे आणि सुक्या जवळ्याची चटणी. खाता खाता मी विचारलं, पुढे काय? तिच्या अब्बांचं म्हणणं, तिलाही मुंब्र्याला काकांकडे पाठवू. तिचं म्हणणं, महाडलाच अकरावी करते, बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि संध्याकाळी त्या चौघांचं गणित घेते. "सर एकटे कितीदा चुकणार?"

मी रात्री तिच्या अब्बांना फोन लावायचं कबूल केलं.

परतीच्या एसटीत बिरवाडीला गणवेशातल्या मुली चढल्या. भाचीने आपली पिशवी मांडीवर घेतली, शेजारची जागा मोकळी केली आणि एकीला विचारलं, "कितवीला आहेस गं?" महाड येईपर्यंत दोघींचं बोलणं संपलं नव्हतं.

फोन मी त्याच रात्री केला. "निकाल लागू दे, मग बघू," ते म्हणाले. नाही म्हणाले नाहीत. निकाल अजून लागायचा आहे. तुम्हीही दुआ करा, एका मुलीसाठी आणि नववीतल्या त्या चौघांसाठी.