लाल दिवा, लाल पट्टी

दोरावरून उतरताना दोन्ही हात अडकलेले असतात. एक हात खाली, ब्रेक धरून; दुसरा वर, तोल सांभाळायला. त्यामुळे रॅपलिंगचा फोटो नेहमी दुसऱ्याने काढलेला असतो आणि उतरणाऱ्याला जे दिसतं ते त्याच्यापाशीच राहतं. ते घरच्यांना दाखवता यावं म्हणून अडीच वर्षांपूर्वी मी एक छोटा ॲक्शन कॅमेरा घेतला. या कॅमेऱ्यांचा जन्मही अशाच अडचणीतून झाला आहे. निक वुडमन या अमेरिकी तरुणाला लाटांवर स्वार असतानाचे फोटो हवे होते. २००४ साली त्याच्या गोप्रोने विकायला काढलेला पहिला कॅमेरा मनगटाला बांधायचा होता आणि त्यात ३५ मिमी फिल्मचा रोल घालावा लागे. हात गुंतलेल्या माणसासाठी केलेली ही वस्तू आहे, हे मी तेव्हा नीट लक्षात घ्यायला हवं होतं.

गेल्या डिसेंबरात सतरा वर्षांच्या भाच्याला घेऊन सांदण दरी उतरलो. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावातून निघालं की थोड्याच चालीनंतर माणूस जमिनीला पडलेल्या भेगेत शिरतो. दोन्ही बाजूंना सरळ उभे कातळ, वर आभाळाची एक फीत, पायाखाली सुटे धोंडे आणि वाटेत बर्फासारख्या गार पाण्याचे डोह. डोहात फोन पिशवीत गुंडाळून डोक्यावर धरावा लागतो. कॅमेरा मात्र छातीवर तसाच होता. वेगळी पेटी न घालताही तो १० मीटर खोल पाण्यात चालतो. पाण्याची पातळी कमरेवर चढत असताना भाच्याने घेतलेला श्वास, मागच्या काकांचं ‘अरे देवा’, कातळावरून परत आलेला आवाज, हे सगळं त्यात जसंच्या तसं आलं आहे. त्या एका मिनिटासाठी मी या कॅमेऱ्याला कायम मानेन.

पण घळ जिथे सर्वांत सुंदर आहे तिथेच तो कमी पडला. इतक्या लहान कॅमेऱ्यातला सेन्सरही नखाएवढा. अंधारात त्याच्यावर पुरेसा प्रकाशच पडत नाही. ओल्या काळ्या कातळाची ती निळसर झाक घरी पाहिली तर रवाळ राखाडी निघाली. उंचीचंही तेच. भिंग रुंद कोनाचं, त्यामुळे जवळचं मोठं आणि लांबचं इवलंसं दिसतं. रतनगडाच्या बाजूचा बाण सुळका समोर आला की बोलणं थांबतं. चित्रात तो उदबत्तीच्या काडीएवढा आहे. ज्या टप्प्यावरून खाली डोकावताना पोटात गोळा आला, तो पडद्यावर दुमजली घराच्या गच्चीएवढा वाटतो. ऑप्टिकल झूम नाही, त्यामुळे लांबचं ओढून आणायची सोय नाही. ज्यांना डोंगर दाखवायचा आहे त्यांनी साधा मोठा कॅमेरा घ्यावा. हा कॅमेरा हाताच्या अंतरावरचं जग दाखवतो, आणि ते फार चांगलं दाखवतो.

खर्च किमतीवर थांबत नाही. सर्वांत चांगल्या दर्जाचं चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट घेतं, म्हणजे मिनिटाला साधारण ७५० एमबी आणि तासाला ४५ जीबी. कार्ड चांगल्या वेगाचं लागतं. बॅटरी तास-सव्वा तासात संपते आणि थंडीत त्याहून लवकर, म्हणून मी दोन जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाशी ठेवतो. वेळेचा हिशोब कुणी सांगत नाही. चार तासांचं चित्रण बघायला चार तास लागतात. माझ्या कपाटात एकदाही न पाहिलेल्या सहलींची तीन कार्डं पडून आहेत.

आता मूळ गोष्ट.

सांदणला जाऊन आल्यानंतरच्या रविवारी ताईकडे जेवण होतं. आपण दोरावरून कसे उतरलो ते भाच्याला आईला दाखवायचं होतं. जेवणं झाल्यावर कार्ड टीव्हीला लावलं. घळ संपून दरी मोकळी होते तिथे पहिला मोठा टप्पा येतो. चित्रात तो माझ्यासमोर उभा, अंगात हार्नेस, मागे उन्हात कोकणाकडचा उतार. आणि माझा आवाज: ‘लाल दिवा लागलाय का बघ रे.’ चित्रण चालू असलं की कॅमेऱ्यावर लागतो तो दिवा. तो वाकून माझ्या छातीकडे बघतो. ‘लागला, मामा.’ मग तो वळतो आणि काठाकडे जातो.

तेवढ्यात मला दिसलं. त्याच्या पोटाशी, दोरावरून उतरायचा डिसेंडर अडकवलेल्या कॅराबिनरच्या कडीवर लाल पट्टी दिसत होती. आमच्याकडच्या कॅराबिनरचा स्क्रू पूर्ण आवळला की ती पट्टी झाकली जाते. ती दिसते म्हणजे कडी उघडू शकते.

मी चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. अकरा सेकंद. हाताच्या अंतरावरचं सगळं हा कॅमेरा ठसठशीत टिपतो, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. उतरणाऱ्याची शेवटची तपासणी त्या दिवशी माझ्याकडे होती. हार्नेसचे पट्टे, बकल, डिसेंडर, कॅराबिनरचा स्क्रू, हेल्मेट. सगळं हात लावून पाहायचं, नुसतं नजरेने नाही. बारा वर्षं मी हे करतो आहे. त्या अकरा सेकंदांत मी फक्त माझा लाल दिवा तपासला.

ताईला सांगावं की नाही, हा विचार मनात येऊन गेला. मग सांगितलं. भाचा म्हणाला, ‘पण मामा, वरून बिले होता ना, त्याची कडी वेगळी होती.’ ते खरं होतं. बिलेचा दुसरा दोर वेगळ्या कॅराबिनरने हार्नेसला जोडलेला होता, तो आमच्या म्होरक्याने स्वतः तपासला होता, आणि पहिली कडी सुटली असती तरी त्या दोराने त्याला धरलं असतं. पण दुसरा दोर पहिल्याची तपासणी टाळता यावी म्हणून नसतो. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच विचारलं, ‘तू तेव्हा कुठे बघत होतास?’ उत्तर टीव्हीत माझ्याच आवाजात होतं.

मी कॅमेरा विकला नाही. तो नसता तर ही चूक मला कधीच कळली नसती आणि पुढच्या वेळी ती पुन्हा झाली असती. तो छातीवर नसता तर ती बहुधा घडलीच नसती. दोन्ही खरं आहे आणि यातलं एक दुसऱ्याला खोडून काढत नाही. आता पायथ्याशीच, हार्नेस चढवण्याआधी, मी चित्रण सुरू करतो आणि दोर सोडून सपाटीला येईपर्यंत बटणाला हात लावत नाही. मध्ये बॅटरी संपली तर संपली. गेलेलं दृश्य गेलं. अँकरपाशी कुणी नुसतं ‘रेकॉर्डिंग’ म्हटलं तरी मी उतरणं थांबवतो आणि तपासणी पहिल्या पट्ट्यापासून पुन्हा करायला लावतो. यावरून ग्रुपमध्ये एकदा कुरबूर झाली, होऊ दे.

ती अकरा सेकंदं मी ठेवली आहेत. नव्या मुलांना दोर हातात देण्याआधी दाखवतो, माझ्या आवाजासकट. तुमच्याकडे असा कॅमेरा असेल, किंवा या दिवाळीला घ्यायचा विचार असेल, तर जरूर वापरा, पण कड्याच्या काठावर त्याचं बटण दाबू नका. तिथे समोरच्याच्या कॅराबिनरला हात लावून बघा.