सवलत कुणासाठी?

कॅलिफोर्नियात घर घेतल्यापासून 'प्रपोझिशन 13'वर माझा भारी जीव. 1978 साली मतदारांनी मंजूर केलेल्या या तरतुदीमुळे मालमत्ता कर घराच्या नोंदलेल्या किमतीच्या 1 टक्क्यावर थांबतो, आणि घर विकलं जाईपर्यंत ती किंमत वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. भाव भडकले म्हणून पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीला घर विकायची पाळी येऊ नये, हे मी चारचौघांत ठासून सांगायचो.

अशा मर्यादेमुळे शाळांना पैसा कमी पडतो, असा विषय निघाला की माझं उत्तर तयार असे: 1971चा सेरानो खटला. तेव्हा शाळांची भिस्त स्थानिक मालमत्ता करावर होती. गरीब बाल्डविन पार्कचे लोक श्रीमंत बेव्हर्ली हिल्सच्या दुपटीहून जास्त दराने कर भरत, तरी तिथे एका मुलामागे होणारा खर्च बेव्हर्ली हिल्सच्या निम्म्याहूनही कमी. ही विषमता राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला मान्य झाली नाही. पुढे 'प्रपोझिशन 13'ने कराला कात्री लावली, शाळांचा मोठा भार राज्याने उचलला. म्हणजे प्रश्न मिटला, असं मी धरून चाललो.

पण राज्याची तिजोरी मुख्यतः आयकरावर चालते. 2008नंतरच्या मंदीत ती आटली आणि शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. सुखवस्तू गावांतल्या पालकांनी देणग्या जमवल्या, दोन तृतीयांश मतांनी जादा 'पार्सल टॅक्स', म्हणजे किमतीवर नव्हे तर प्रत्येक मालमत्तेवर लागणारे स्थानिक कर, मंजूर करून घेतले. देणगी मीही दिली. दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या आईबापांच्या वस्तीत ती कोण देणार? 2013पासून राज्य गरीब आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी जास्त निधी देतं, ते योग्यच. पण पालकांच्या खिशातून येणारी भर त्याने थांबत नाही.

आणि करमर्यादा कुणाचं उत्पन्न विचारत नाही. ती म्हातारी, मी आणि वर्षानुवर्षं जागा धरून बसलेली कंपनी, सगळ्यांना तीच सवलत. शेजारचं तसंच घर आज घेणारं तरुण जोडपं मात्र माझ्या कितीतरी पट कर भरतं.

2020मध्ये मोठ्या व्यापारी मालमत्तांवर बाजारभावाने कर लावून पैसा शाळांना आणि स्थानिक संस्थांना देणारा प्रस्ताव 52 विरुद्ध 48 टक्क्यांनी पडला. त्या 52 टक्क्यांत मी होतो. आज दुकानं, उद्या आपली घरं, या भीतीने. असा प्रस्ताव पुन्हा आला, तर माझं मत त्याच्या बाजूने पडेल. म्हातारीचं घर वाचलंच पाहिजे, त्यासाठी तिचं उत्पन्न पाहून सवलत द्यावी. माझ्या बिलाला त्या सवलतीची गरज नाही.