न भरणारी टाकी

"आमची टाकी एकदम भक्कम बांधलीय. वीस वर्षं झाली, एकदाही उपसावी लागली नाही." नगरपरिषदेच्या गावांत मैलागाळाच्या व्यवस्थेचं काम करताना हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक गल्लीत ऐकायला मिळतं. सांगणारे बहुधा घरातले वडीलधारे असतात. त्यांनी जातीने उभं राहून बांधकाम करून घेतलेलं असतं आणि बोलण्यात त्याचा अभिमान असतो. मी सार्वजनिक आरोग्य अभियंता आहे. हे वाक्य ऐकलं की माझी नजर आधी त्यांच्या विहिरीकडे आणि दारासमोरच्या गटाराकडे जाते. वीस वर्षांचा गाळ टाकीत नसेल, तर तो कुठेतरी गेलेला आहे.

सेप्टिक टँकचं काम समजायला सोपं आहे. संडासातून पाण्याबरोबर आलेला मैला टाकीत शिरला की त्याचा वेग मंदावतो. जड भाग तळाशी बसतो, तेलकट हलका भाग वर तरंगून जाड थर धरतो, आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी आडव्या भिंतीपलीकडच्या दुसऱ्या खणात जाऊन तिथून बाहेर पडतं. हवेशिवाय जगणारे जीवाणू तळचा गाळ कुजवतात. त्यामुळे तो आकाराने घटतो, पण संपत नाही. माणशी वर्षाला चाळीस लिटरच्या आसपास गाळ उरतो असं धरून चालायला हरकत नाही.

आता घरचाच हिशेब करू. भारतीय मानक २४७० आणि केंद्राच्या नियमपुस्तिकेप्रमाणे पाच माणसांच्या घराला १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १.०५ मीटर एवढी टाकी पुरते. त्यात साधारण १,१८० लिटर पाणी मावतं. पाच माणसांचा वर्षाचा गाळ २०० लिटर, तीन वर्षांचा ६००. म्हणजे तीन वर्षांत निम्मी टाकी गाळाने गेली. यापुढे नव्याने येणाऱ्या मैल्याला बसायला सवड मिळत नाही. तो आला तसा पुढे सरकतो. घरातल्यांना यातलं काहीच कळत नाही, कारण बाहेरची वाट मोकळी आहे तोवर संडास तुंबत नाही आणि फ्लश नेहमीसारखा चालतो. टाकी तिच्या कामातून गेलेली असते आणि घर मात्र निर्धास्त असतं.

पुढे हे पाणी कुठे जातं ते त्या त्या गावच्या जमिनीवर ठरतं. देशावर काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात पाणी घेतच नाही, म्हणून गवंडी टाकीचा पाइप सरळ उघड्या गटाराला जोडून देतो. गटार ओढ्याला मिळतं आणि ओढा नदीला. कोकणात उलटी तऱ्हा. जांभ्याला इतकी छिद्रं आणि भेगा की पाणी काही न गाळता झरझर खाली उतरतं, आणि त्याच परड्यात पिण्याची विहीर असते. शोषखड्डा आणि विहीर यांत १८ मीटर अंतर हवं असा नियम आहे. चार-पाच गुंठ्यांच्या जागेत शेजाऱ्याची विहीर धरून तो पाळला गेलेला मी क्वचितच पाहिला. जांभ्याच्या जमिनीत तर मला हे अंतरही अपुरंच वाटतं.

काही घरांत टाकी खरंच प्रचंड असते, दहा फूट लांब, आठ फूट रुंद, आठ फूट खोल. "जन्मात भरणार नाही," असं गवंड्याने सांगितलेलं असतं. यातल्या कितीतरी टाक्यांना तळ नसतो. चारी बाजूंनी बांधकाम आणि खाली कच्ची जमीन. तो नुसता मोठा खड्डा झाला, आणि त्यातलं पाणी कायम भूजलात जात राहणार. तळ पक्का असलाच, तरी वर्षानुवर्षं न हललेला गाळ खाली दाबून बसतो. त्यात वाळू, राख, कापडाचे बोळे, सॅनिटरी पॅड मिसळतात आणि तळाला घट्ट थर तयार होतो. मला सगळ्यात जास्त भीती या थराची वाटते. का, ते पुढे येईलच.

आधी टाकी कशी तपासायची ते सांगते. यासाठी अभियंता लागत नाही. टाकीच्या खोलीपेक्षा दोन हात लांब बांबू घ्या. त्याच्या खालच्या टोकाला चार फुटांपर्यंत जुना पांढरा टॉवेल गुंडाळून सुतळीने घट्ट बांधा. दोन्ही झाकणं उघडून तासभर लांब थांबा. जवळ बिडी-काडी नको, वाकून आत बघणं नको, मुलं तर आसपासही नकोत. मग पाणी जिथून आत येतं त्या बाजूच्या झाकणातून बांबू हळूहळू तळाला टेकवा. चार-पाच मिनिटं तसाच धरा आणि सरळ वर काढा. टॉवेलवर खाली काळा, कण चिकटलेला पट्टा दिसतो, आणि त्यावर नुसता मळकट ओला भाग. दोन्हींमधली रेघ बहुतेक वेळा अगदी स्पष्ट असते. काळ्या पट्ट्याची उंची म्हणजे गाळाची उंची. वर तरंगणारा थर बांबूने बाजूला सारताना किती जाड लागतो त्याचा अंदाज घ्या. दोन्ही मिळून पाण्याच्या एकूण खोलीच्या तिसऱ्या हिश्शावर गेले असतील तर गाडी बोलवायची वेळ झाली. निम्म्यावर गेले असतील तर उशीर झालाय. नंतर हात साबणाने स्वच्छ धुवा, आणि तो बांबू दुसऱ्या कशालाही वापरू नका.

हे करायला निघालं की खरी अडचण समोर येते. झाकण सापडत नाही. अंगणाला फरशी बसवताना ते फरशीखाली गेलेलं असतं. कुठे त्यावर जिना उठलेला, कुठे वाढवलेल्या स्वयंपाकघराचा ओटा. पहार घेऊन फरशी फोडायची म्हटलं की घरातून विरोध होतो, आणि मग उपशाचं काम आणखी पाच वर्षं लांबणीवर पडतं. घराचं काम चालू असेल तर एवढं कराच. दोन्ही खणांवर उचलता येतील अशी झाकणं ठेवा आणि ती जमिनीच्या वर दिसू द्या. हवेच्या पाइपाला वर मच्छरजाळी बांधा, नाहीतर क्युलेक्स डास टाकीत पैदास करून त्याच वाटेने बाहेर येतात. छताचं पावसाचं पाणी टाकीत सोडू नका. बॅक्टेरियाच्या पुड्या विकायला येणाऱ्यांना नम्रपणे परत पाठवा. टाकीत जीवाणू मुबलक असतात, आणि कुठलीच पूड गाळ उपसण्याचं काम टाळून देत नाही. ॲसिडच्या बाटल्या ओतल्या तर मात्र आहेत ते जीवाणूही मरतात.

उपशाची गाडी म्हणजे तीन ते पाच हजार लिटरची बंद टाकी, तिच्यावर व्हॅक्यूम पंप आणि जाड होजपाइप. गणपती आणि लग्नसराईत या गाडीवाल्यांचे फोन थांबत नाहीत, कारण पाहुण्यांनी घर भरलं की अर्धमेली टाकी एकदम उत्तर देते. चांगला चालक आधी पंप उलटा फिरवून ओढलेलंच पाणी जोराने परत आत सोडतो. त्याने वरचा थर फुटतो, तळ ढवळला जातो, मग सगळं एकजीव करून तो ओढतो. दोन्ही खण उपसतो. तळाशी थोडा गाळ विरजणासारखा मागे ठेवतो आणि टाकी आतून धुवायच्या फंदात पडत नाही. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना टाकी पूर्ण रिकामी करू नये, प्लॅस्टिकची तर नाहीच, कारण खालच्या दाबाने ती उचलली जाते. दिवाळीनंतर पाणी खाली गेलं की हे काम काढावं, आणि उपसून झाल्यावर टाकीत साधं पाणी भरून घ्यावं.

आता तळाच्या त्या घट्ट थराबद्दल. तीन वर्षांचा गाळ पातळ असतो, पाइप तो सहज ओढतो. पंधरा-वीस वर्षांचा गाळ पाइपाला येत नाही. वरचं पाणी निघून जातं, खाली दीड-दोन फूट काळा चिखल उरतो, आणि कोणीतरी म्हणतं, "माणूस उतरवू का? थोडे जास्त लागतील." मृत्यू इथे सुरू होतो. कुजणाऱ्या मैल्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड निघतात. सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभरावर गेला की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. माणसाला वाटतं, वास गेला, आता ठीक आहे. सातशे-हजारावर गेला की एक-दोन श्वासांत तो कोसळतो. गाळात अडकलेला वायू फावड्याने गाळ हलवताच एकदम मोकळा होतो, त्यामुळे उतरण्यापूर्वी हवा चांगली वाटली याला काही अर्थ नसतो. दिवा किंवा मेणबत्ती सोडून पाहणं तर आत्मघात आहे, कारण हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन असेल तर स्फोट होतो. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीच्या एका सोसायटीत असेच तीन कामगार गेले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्येकीला दहा लाखांच्या भरपाईचा आदेश झाला. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात एकाच टाकीने पाच जण घेतले.

टाकीत तयार होणाऱ्या याच वायूचा उपयोग मुंबईला सव्वाशे वर्षांपूर्वी माहीत होता. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णाश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाक्यांवरचा वायू गोळा करून वापरात आणला गेला. जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. म्हणजे टाकीत काय तयार होतं याचं ज्ञान आपल्याकडे तेव्हापासून आहे. तरीही त्यात उतरणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातींतली आहेत. यंत्र परवडत नाही म्हणून हे चालू राहिलेलं नाही. ठरावीक वस्तीतला माणूस निरोप दिला की येतो आणि स्वस्तात येतो, हे सगळ्यांनी गृहीत धरलं आहे, म्हणून चालू राहिलं आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय टाकीत कोणालाही उतरवायला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा फक्त नगरपालिकेला आणि ठेकेदाराला नाही, काम सांगणाऱ्या घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली.

यावरचा उपाय मी वाई आणि सिन्नरमध्ये चालताना पाहिला आहे, म्हणून खात्रीने सांगते. दोन्ही नगरपरिषदांनी २०१८ पासून ठरवलं की टाकी भरल्याची वाट बघायची नाही. गाव भागांत वाटायचं आणि प्रत्येक घराच्या टाकीवर तीन वर्षांतून एकदा गाडी आपणहून जाईल. त्या वेळी घरमालकाकडून वेगळी रक्कम मागायची नाही. खर्च करातून भागतो आणि ठेकेदाराला केलेल्या कामाप्रमाणे पैसे मिळतात. उपसलेला मैलागाळ ओढ्यात न ओतता प्रक्रिया केंद्रावर जातो. सिन्नरला तो वाफ्यांवर वाळवतात, वाईला उष्णतेची प्रक्रिया वापरली. सुरुवातीला लोक दारातूनच गाडी परत पाठवायचे. "अजून भरली नाही, मग कशाला?" आणि या प्रश्नाला घरोघर पुन्हा पुन्हा उत्तर द्यावं लागायचं. वाईसारख्या कृष्णाकाठच्या गावात, जिथे घाटावर लोक पाण्यात उतरतात, तिथे हे उत्तर देणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. नदी सगळ्यांची असते, फोडायची फरशी आपली असते.

तुमच्या गावात अशी वेळापत्रकाची गाडी नसेल तर वेळापत्रक घरातच ठेवावं लागेल. उपशाची तारीख वीजमीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहा, शेजारी टाकीचं माप आणि झाकणांच्या जागा. गाडी आली की मैला कुठे रिता करणार ते चालकाला विचारा आणि प्रक्रिया केंद्राचं नाव ऐकल्याशिवाय पाइप सोडू देऊ नका. आणि जुन्या टाकीतलं खालचं काही केल्या निघेना, माणूस उतरवायची भाषा निघाली, तर ठाम नाही म्हणा. टाकीत पाणी सोडा, पंप उलटा फिरवून पुन्हा ढवळायला लावा, झाकणं नीट बंद करून रात्रभर भिजू द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला पुन्हा बोलवा. दुसऱ्या फेरीचे पैसे द्या. एवढं करूनही वीतभर गाळ राहिला तर राहू द्या, सहा महिन्यांनी परत उपसा.