आमची ‘मंडळी’

मराठीतला ‘मंडळी’ हा शब्द मोठा सोशिक आहे. भजनी मंडळी, नाटक मंडळी, लग्नाला आलेली मंडळी. जुन्या वळणाचे गृहस्थ तर पत्नीचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असाच करीत. मराठी ख्रिस्ती लोकांनी आपल्या उपासक समुदायासाठी हाच शब्द उचलला. चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते, मंडळी म्हटले की माणसे येतात. मला ही निवड फार आवडते.

अंबरनाथच्या आमच्या बुवापाड्यात अशी एक मंडळी माझ्या शेजारच्याच खोलीत भरते. घंटा नाही, मनोरा नाही. रविवारी संध्याकाळी सात-आठ कुटुंबे जमतात आणि चपलांची रांग माझ्या उंबरठ्याला लागते. माणसे मूळची गुंटूरकडची, तेलुगु बोलणारी, लूथरन पंथाची. अंबरनाथच्या कारखान्यांत काम मिळेल म्हणून त्यांचे वाडवडील इकडे आले आणि इथलेच झाले.

हा पंथ मूळचा जर्मनीचा. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन लूथर या संन्याशाने पापक्षमेच्या विक्रीविरुद्ध पंचाण्णव मुद्दे मांडले आणि युरोपातले धर्मजीवन ढवळून निघाले. १५२२ साली त्याने ‘नवा करार’ जर्मन भाषेत आणला. १५३४ साली संपूर्ण बायबल. इथे मराठी माणसाला ज्ञानेश्वर आठवल्याशिवाय कसे राहतील? गीतेचा अर्थ मराठीत सांगणारी ज्ञानेश्वरी त्याआधी सव्वादोनशे वर्षांपूर्वी, १२९० साली, लिहून झाली होती. न्यायमूर्ती रानड्यांनी तर १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात आपल्या संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या त्या धर्मसुधारणेशीच केली. तुलना फार ताणू नये हे खरे. लूथरनांचा भरवसा एका येशू ख्रिस्तावर आणि पवित्र शास्त्रावर; त्यांचे मुख्य विधी दोन, बाप्तिस्मा व प्रभुभोजन. पण देवाची गोष्ट घरातल्या बाईमाणसाला घरातल्याच भाषेत कळली पाहिजे, हा हट्ट दोन्हीकडे सारखाच.

आणि नेमक्या याच हट्टावरून शेजारच्या मंडळीत मागे वाद पेटला.

तरुणांचे म्हणणे, उपासना मराठीत व्हावी. मुले मराठी शाळेत शिकतात. तेलुगु घरात थोडेफार बोलतात, पण वाचता एकालाही येत नाही. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, भाषा गेली की आपले राहिले काय? दोन रविवार गाणी कमी आणि वादच जास्त झाला. तिसऱ्या आठवड्यात त्या घरातली नात एक वही घेऊन माझ्याकडे आली. “मास्तर, एवढे शुद्धलेखन तपासून द्या.”

वहीत लूथरच्या छोट्या प्रश्नोत्तरीचे मराठी होते. खेड्यापाड्यांतले लोकच काय, काही धर्मगुरूही धर्माबाबत किती अजाण आहेत हे स्वतः फिरून पाहिल्यावर त्याने १५२९ साली ही पुस्तिका लिहिली. घरच्या कर्त्याने घरच्यांना शिकवावी, हा हेतू. तिची रीत एखाद्या शाळामास्तराला शोभेल अशी: आधी आज्ञा, मग प्रश्न, ‘म्हणजे काय?’ आणि मग उत्तर. चोरी करू नको, म्हणजे काय? तर नुसता हात आखडून बसू नको, शेजाऱ्याची चीजवस्तू आणि पोट सांभाळायला मदतही कर. खोटी साक्ष देऊ नको, म्हणजे काय? तर शेजाऱ्याची निंदा करू नको, त्याची बाजू घे, त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लाव. वाचकहो, नळावरच्या रांगेत ही एक आज्ञा पाळणे किती अवघड आहे, हे आमच्याकडे चार दिवस राहून पाहावे!

एका शब्दावर नात अडली. “कृपा कशाने मिळवायची, ते यात लिहिलेच नाही.”

तिची आजी दारात उभी होती. आम्ही सारे तिला अम्मा म्हणतो. ती आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “मिळवायची नाय गं. ती देवाने दिलीच. तुझं काम कमी झालं ना? आता तो हात शेजारणीला दे.”

मी आयुष्यभर मुलांना शिकवले, पण इतक्या थोडक्यात पंथाचे सार सांगणे मला जमले नसते. देवाला आपल्या पुण्याची गरज नाही. गरज आहे ती शेजाऱ्याला. म्हणून लूथरच्या शिकवणीत चांभाराचे काम धर्मगुरूच्या कामाहून हलके ठरत नाही. आपल्या सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला, हे ऐकत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

वादाचा निकालही अम्मानेच लावला. पुढच्या रविवारी ती सर्वांना म्हणाली, “हायर साहेब अमेरिकेतून आमच्या गुंटूरला आला, तो पण तेलुगु शिकलाच ना? मग आपण इथं राहून मराठी का नाय?” फादर हायर गुंटूरला आले १८४२ साली. इतक्या जुन्या दाखल्यापुढे कोण बोलणार? शेवटचे गीत मात्र तेलुगुत ठेवायचे ठरले.

या निकालाची किंमत कोणी मोजली? एकट्या अम्माने. वचने आता मराठीत वाचली जातात आणि त्यातले निम्मे तिला कळत नाही. ती भिंतीला टेकून, मांडीवर हात ठेवून, नातीच्या तोंडाकडे पाहत बसते. वाचून झाले की नात तिच्या कानाशी वाकते आणि अम्मा हळूच विचारते, “म्हणजे काय?”