मणक्यात गॅप

आईची कंबर वर्षभराहून जास्त दुखत होती. एमआरआय काढला, अहवालात 'डिस्क बल्ज' आणि 'डीजनरेशन' असं आलं, आणि गल्लीत त्याचं 'मणक्यात गॅप' झालं. त्या दिवसापासून आईनं वाकणंच सोडलं. भाजीची पाटी उचलायची नाही, पूजेला पाटावर बसायचं नाही. दुखण्याहून ही धास्ती मला भारी वाटू लागली. म्हणून रात्री ओटा आवरला की मी मोबाइलवर वाचत बसायचे.

मराठीत जे सापडलं ते बहुतेक वाचायला अगदी सोपं होतं. छोटी वाक्यं, ठळक अक्षरं, आठवडाभरात गादी जागेवर बसवण्याची हमी. लिहिणारा कोण, कधी लिहिलं, कशाच्या आधारावर, काही पत्ता नाही. खाली तेलाची बाटली मागवायचा नंबर मात्र हजर. भरवसा ठेवावा असं जे होतं ते इंग्रजीत, तेही असं की पदवीधर असून मला एकेक परिच्छेद पुन्हा वाचावा लागे. आईची शाळा सातवीत सुटली. खरी माहिती तिच्यापर्यंत पोचायची वाटच नव्हती, याचा मला तेव्हा राग आला आणि अजूनही येतो.

उपयोगी पडली ती उपचारांबद्दलची माहिती पारखायची 'डिसर्न' ही प्रश्नावली. ब्रिटनमध्ये तयार झालेली, १९९९ साली प्रसिद्ध झालेली. त्यात १६ प्रश्न आहेत. माहिती कुठून घेतली? उपचारांचे धोके सांगितलेत का? उपचार घेतलाच नाही तर काय होईल, हे लिहिलंय का? हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ज्याला काही विकायचंय तो याचं उत्तर देतच नाही.

अशा चाळणीतून २०१५ सालचा एक आढावा हाती आला. पाठ-कंबर न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांत मणक्यातल्या चकत्यांची झीज, म्हणजेच 'डीजनरेशन', दिसली, ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांत. म्हणजे आईच्या अहवालातले शब्द तिच्या वयाच्या धडधाकट बायकांच्या अहवालातही सहज निघाले असते! उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं तर कंबरदुखीला पट्टा आणि ट्रॅक्शन देऊ नये असं २०१६ सालीच सांगितलेलं. आमच्याकडे पट्टा खुंटीला लटकत होता.

हे वहीत मराठीत उतरवायला बसले. 'चकतीची झीज' वाचून आईनं विचारलं, "अगं, म्हणजे सडलंय का आत?" ती ओळ खोडली. मग लिहिलं: केस पिकतात तशी मणक्यातली गादीही वयानं पिकते. तुझं दुखणं खरं आहे, पण चालल्या-वाकल्यानं मणका मोडत नाही. हळूहळू हालचाल वाढव. आणि ठळक अक्षरांत: लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर लगेच दवाखाना गाठायचा.

डॉक्टरांनी पान वाचलं, 'हालचाल वाढव'पुढे 'दुखलं तरी थोडी' एवढं जोडलं. आईनं ते स्वतः वाचलं, मला काही विचारावं लागलं नाही. मग म्हणाली, "हे त्या फिल्मच्या कागदावरच का नाही छापत?"

कंबर अजून दुखते. आई पाटावर बसते. पान शेजारच्या काकूंनी उतरवून नेलं. त्यांचं दुखणं गुडघ्याचं, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं वाचन सुरू केलंय.